ओख्याचे स्पंज: ९८ टक्के जुळलं म्हणून नाव लावू नका

इतरांसाठी प्रश्न आधी सांगतो. प्रश्न विचारणाऱ्यांनी गुजरातमधल्या ओख्याच्या किनाऱ्यावरून दोन स्पंज (समुद्रातले साधे, एका जागी चिकटून राहणारे प्राणी) बडोद्याला आणले आणि सीओआयचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा, बारकोड काढला; जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा ठराविक तुकडा. ब्लास्टमध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या सीक्वेन्सशी (डीएनएच्या अक्षरांच्या क्रमाशी) ताडून बघितल्यावर, एक नमुना हॅलिक्लोना या स्पंजांच्या प्रजातीतल्या एका जातीशी ९८ टक्के जुळला, दुसरा चक्क एका समुद्री अळीशी. पहिल्याला ते नाव द्यावं का आणि दुसरा टाकून द्यावा का, असं विचारलंय.

नाव देऊ नका. आणि दुसरा टाकू तर मुळीच नका.

बारकोडचा तुकडा साधारण डीएनएच्या ६५८ अक्षरांचा. ९८ टक्के म्हणजे तेरा अक्षरं वेगळी. कीटकांत किंवा माशांत एवढ्या फरकावर लोक एकच जात धरतात, पण स्पंजांचा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फार संथ बदलतो. उघडउघड वेगळ्या जातींचा सीओआय अक्षरन् अक्षर सारखा निघालेला आहे. म्हणजे १०० टक्के जुळूनही खात्री नाही, आणि ९८ म्हणजे बहुधा दुसरीच जात. त्यातून हॅलिक्लोना हे नाव ज्यांना ज्यांना लावलंय ते सगळे एका वंशातले नाहीत, हे डीएनएवरूनच दिसलेलं आहे. सीओआयच्या जोडीला २८एसचा, म्हणजे पेशीकेंद्रातल्या डीएनएमधल्या एका जनुकाचा, तुकडा कराच. आणि सीक्वेन्सचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून बघताना चार नंबरचा जेनेटिक कोड (डीएनएची अक्षरं प्रोटीन म्हणून वाचायचा तक्ता) निवडा. नेहमीचा कोड ठेवलात तर मध्येच स्टॉप कोडॉन, म्हणजे प्रोटीन इथे संपलं अशा खुणा, दिसतील आणि चांगला सीक्वेन्स खराब समजाल.

अळीचं कोडं सोपं आहे. स्पंज म्हणजे भोकाभोकांचा वाडा, त्यात अळ्या, कोळंबीची पिल्लं, ब्रिटल स्टार (तारामाशांचे बारीक हातांचे भाऊबंद) बिऱ्हाड करून असतात. सीओआयचे सर्वसाधारण प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) त्यांचाही डीएनए आनंदाने उचलतात, कधीकधी बॅक्टेरियाचासुद्धा. काही स्पंजांत तर शरीराचा तिसरा हिस्सा किंवा जास्तच बॅक्टेरिया असतात. वरची साल सोडून आतला वाटाण्याएवढा तुकडा घ्या, डिसेक्टिंग मायक्रोस्कोपखाली चिमट्याने उसवा, जे हलतं-वळवळतं किंवा वेगळ्या रंगाचं दिसेल ते काढा आणि मग डीएनए काढा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, ज्याला फक्त ब्लीच लागतं. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा ट्यूबमध्ये टाका, वर ब्लीच ओता. फेस येतो, तुकडा विरघळत जातो आणि अर्ध्या-एक तासात तळाशी पांढरी भुकटी बसते. त्या स्पंजाच्या सांगाड्यातल्या काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या, सुया. वरचं पाणी अलगद काढा, साध्या पाण्याने तीन-चारदा धुवा, शेवटी अल्कोहोल, मग स्लाइडवर थेंब सुकू द्या. धुण्यात घाई केलीत तर सुयांऐवजी मिठाचे खडे दिसतील. हॅलिक्लोनात सहसा एकाच तऱ्हेच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या सुया असतात. निदान पंचवीस मोजा, लांबी आणि जाडी दोन्ही. पण या गटात नुसत्या सुयांवरून जात ठरत नाही. दाढीच्या ब्लेडने उभा पातळ काप घेऊन सुयांची जाळी कशी विणली आहे तेही बघा. सुया निघाल्याच नाहीत तर घाबरू नका. काही स्पंजांचा सांगाडा नुसत्या तंतूंचा असतो.

हे सगळं कशासाठी? कारण जातीचं नाव डेटाबेसमध्ये राहत नाही, ते मूळ वर्णनाला आणि मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. आणि इथे आपण बडोदेकर नशीबवान आहोत. ओखामंडळ गायकवाडांच्या राज्यात होतं. समुद्रजीवांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९०५-०६ मध्ये तिथले समुद्रजीव गोळा केले, बडोदा सरकारसाठी अहवाल झाला, आणि त्यातल्या स्पंजांची वर्णनं स्पंजांचे जाणकार आर्थर डेंडी यांनी १९१५-१६ मध्ये छापली. त्या वर्णनांत सुया आहेत, मापं आहेत, डीएनए असणं शक्यच नव्हतं. तुमचा नमुना त्याच किनाऱ्याचा आहे! सुया डेंडींच्या वर्णनाशी जुळल्या आणि सीक्वेन्स स्वच्छ निघाला, तर शंभर वर्षांपूर्वीच्या नावाला पहिल्यांदा खरा बारकोड जोडता येईल. मला हे वाचून रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो. जुळलं नाही तर 'हॅलिक्लोना, जात अनिश्चित' एवढंच लिहा. त्यात कमीपणा नाही.

अल्कोहोलबद्दल मात्र कळकळीने सांगतो. माझा पहिला नमुना मुठीएवढा होता, तो लहान बरणीत कोंबून सौराष्ट्र मेलने घरी आणला. स्पंजातल्या पाण्याने अल्कोहोल पातळ झालं, आणि जेलवर (डीएनए तपासायच्या पट्टीवर) ठळक बँडऐवजी नुसता धूर दिसला, म्हणजे डीएनएचे तुकडे झालेले. ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल, नमुन्याच्या कितीतरी पट, आणि दुसऱ्या दिवशी बदलायचंच. फॉर्मेलिन नको, त्यात डीएनए बिघडतो. रंग अल्कोहोलात उडतो, म्हणून फोटो पाण्यातच काढून ठेवा. पुढच्या वेळी कच्छच्या आखातातल्या मरीन नॅशनल पार्कच्या हद्दीत जाणार असाल तर वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय एक तुकडाही उचलू नका.

दोन्ही नमुन्यांचा अर्धा भाग न वापरता जपा आणि बरणीच्या आत चिठ्ठी टाका, पेन्सिलने लिहिलेली. शाई अल्कोहोलात उतरते. स्लाइड तयार झाली की सुयांची मापं इथे टाका, मी डेंडींची पानं काढून बसतो.