म्हातारा राजा अंगावर येतो, काय करू?

"ताई, आमचा राजा, कुत्रा हो, असा नव्हता ओ. अकरा वर्षं लेकरासारखा सांभाळला आणि परवा नातवाच्या हाताला दात लावला. पोरगा म्हणतोय मळ्यावर नेऊन सोडू. मला काय सुचंना, तुम्ही सांगा."

तासगावकडच्या एका काकांचा हा फोन, गेल्या वर्षीच्या मार्चमधला, बेदाण्याचा सीझन जोरात होता आणि मागं शेडवरच्या बायकांचा आवाज येत होता. कुत्र्यांच्या वागण्याबद्दल समुपदेशन करते म्हटल्यावर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, शब्द वेगळे असतात फक्त. म्हातारपणी कुत्रं बिघडलं, हट्टी झालं, चिडकं झालं, घरात शू करायला लागलं, आता काय करायचं. म्हणून काकांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं काही बदलून, हे सविस्तर लिहितेय.

मी आधी कुत्र्याबद्दल काहीच बोलले नाही. पोराचा हात कसा आहे ते विचारलं. चार वर्षांचं लेकरू, मनगटाला दाताचा ओरखडा, थोडं रक्त आलेलं, आणि वर हळद दाबलेली. राजाचं रेबीजचं इंजेक्शन? "दोन वर्षं राहिलंय, तो कुठं बाहेर जातो, घरातच तर असतो." मी म्हटलं काका, बाकीचं सगळं नंतर, आधी ती हळद काढा, वाहत्या नळाखाली साबण लावून 15 मिनिटं जखम धुवा आणि आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या, लस तिथं मोफत मिळते. आणि राजाला 10 दिवस घरातच नजरेखाली ठेवा, कुठंही सोडायचं नाही. घरचा कुत्रा आहे, ओळखीचा आहे, नुसता ओरखडा आहे, असलं काही रेबीजला कळत नाही, लक्षणं दिसायला लागली की उपाय जवळजवळ उरतच नाही. दर वर्षीचं ते एक इंजेक्शन चुकवू नका हो, पाया पडून सांगते.

पुढच्या रविवारी मी घरी गेले. नवा बंगला, दसऱ्याला राहायला आलेले, हॉलभर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. राजा म्हणजे पिवळा लॅब्रॅडॉर, तोंड पार पांढरं झालेलं. मला बघून उठायला लागला तर मागचे दोन्ही पाय फाकले, परत बसला, मग भिंतीला अंग घासत घासत माझ्यापर्यंत आला आणि शेपूट हलवत उभा राहिला. मला तिथंच अर्धं उत्तर मिळालं. त्या घरात सहा जणं रोज हे बघत होती पण कुणालाच ते दुखणं वाटलं नव्हतं, "वय झालं की असंच चालणार" एवढंच. आणि हो, त्याच्या कानाला लोंबकळत होतं दोन महिन्यांचं एक काळं पिल्लू, चिकू. राजा गेल्यावर घर सुनं वाटू नये म्हणून आधीच आणलेलं.

चहा झाल्यावर मी मुलाला विचारलं, राजा पहिल्यांदा गुरगुरला कधी? तो जरा विचार करून म्हणाला दिवाळीत, पोरगं त्याच्या कमरेवर घोडा घोडा करत बसलं तेव्हा. मग काय केलंत? "चप्पल घेतली. लहान पोरावर गुरगुरतो म्हणजे काय. दोन-तीन वेळा दिली, मग बंद झालं, आम्हाला वाटलं सुधारला."

इथं मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं कारण नव्वद टक्के घरांत हेच होतं असं माझं मत झालंय. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं सांगणं असतं, की दुखतंय, लांब हो. त्याच्याही आधी तो बरंच काही सांगून झालेला असतो, मान वळवतो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, उठून जायला बघतो. ते कुणी वाचलं नाही म्हणून तो आवाज काढतो. तो आवाज आपण मारून बंद केला की दुखणं तर तिथंच राहतं, सांगायचा रस्ता तेवढा बंद होतो. मग पुढच्या वेळी तो थेट दात लावतो आणि आपण म्हणतो अचानक चावला. राजा अचानक चावला नव्हता, पाच महिने सांगत होता. हे बोलल्यावर मुलगा खाली बघत राहिला, आणि मला त्याला दोषी ठरवायचं नव्हतं, कारण बापाच्या काळजीनंच त्यानं चप्पल उचलली होती. पण गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका, पोराला बाजूला घ्या आणि तो कशाला नको म्हणतोय ते शोधा, हे मी प्रत्येक घरी सांगते.

मग जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझा नियमच आहे, म्हाताऱ्या कुत्र्याचं वागणं बदललं तर आधी तपासणी, रक्त, लघवी, दात, डोळे, सांधे, नंतर माझ्याशी बोला. राजाच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले, मागची एक दाढ किडलेली, आणि वजन 41 किलो, खरं तर लॅब्रॅडॉरच्या नराचं साधारण 30 ते 36 असावं. काकू त्याला माणसांची दुखण्याची गोळी अर्धी अर्धी देत होत्या, मायेनंच. ते मात्र ताबडतोब बंद करायला लावलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही कुत्र्याला स्वतःच्या मनानं देऊ नका, पोटात जखमा होतात, किडनी, लिव्हर जातं. त्यांच्यासाठी वेगळी औषधं मिळतात आणि ती डॉक्टरच ठरवतात.

आणि बेदाणे! नातू मुठी भरभरून खिशात घेऊन फिरायचा आणि दोन्ही कुत्र्यांना चारायचा. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, कुणाला किती बाधेल सांगता येत नाही म्हणून एकही नको. ज्या घराचं सगळं वर्ष बेदाण्यावर चालतं त्यांना हे सांगताना मलाच कसंतरी झालं, पण त्यांनी लगेच ऐकलं, शेडला जाळीचं दार बसवलं. कांदा, लसूण, चॉकलेट पण नको, आणि रविवारच्या मटणाची शिजलेली हाडं तर नकोच, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि आतड्यात रुततात.

रात्रीचं पण होतंच. राजा दोन वाजता उठून फिरायचा, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, दाराच्या बिजागरीच्या बाजूला नाक लावून दार उघडायची वाट बघायचा, एकदा काकांकडे अनोळखी असल्यासारखं बघत राहिला. काका हे सांगताना रडले. "मला ओळखलं नाही ओ त्यानं." माणसांना जसा विसराळूपणाचा आजार होतो तसा म्हाताऱ्या कुत्र्यांनाही होतो, दिवस-रात्रीचा हिशोब चुकतो, शिकवलेली शू-शीची जागा विसरतात, यात हट्ट नसतो आणि माया कमी झालेली नसते, हे मी त्यांना दोनदा तीनदा सांगितलं. तो पूर्ण बरा होत नाही. डॉक्टरांकडे काही औषधं असतात, बाकी आपण घर सोपं करायचं.

घर सोपं करणं म्हणजे काय तर त्याच्या गादीपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत घसरणार नाहीत अशा मॅट टाकल्या, पंजाखालचे केस आणि नखं कापली, रात्री एक झिरोचा बल्ब चालू ठेवला, सोफा-टेबल हलवायचं नाही असं ठरलं, पाण्याचं भांडं स्टुलावर आलं. मुलगा त्याला रोज संध्याकाळी मोटारसायकलला साखळी बांधून पळवायचा, वजन कमी व्हावं म्हणून. ते बंद. त्याऐवजी दहा-दहा मिनिटं तीनदा, पायी, त्याला हवं तेवढं हुंगू देत. हुंगण्यानं कुत्र्याचं डोकं दमतं आणि त्या दमण्यानं झोप चांगली लागते, तरण्या कुत्र्यालाही हे लागू आहे. वजनासाठी बिस्किटं आणि दूध-चपाती कमी केली. लॅब्रॅडॉरवर एक मोठा अभ्यास झालाय, 48 कुत्रे, अर्ध्यांना जोडीदारापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, ते साधारण पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांचं दुखणंही उशिरा आलं. काकूंना वाटायचं खायला कमी म्हणजे माया कमी. हा आकडा ऐकल्यावर त्यांनी स्वतः वाटी बदलली.

आता चिकू. त्याला 5 आठवड्यांचा असताना आईपासून तोडून आणलेला, विकणारा म्हणे जेवायला लागलाय की. निदान 8 आठवडे तरी पिल्लू आईजवळ राहू द्या. चावताना किती जोर लावायचा हे पिल्लू भावंडांत शिकतं, जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ बंद होतो. चिकूची ही शाळा बुडाली होती आणि आता तो ती राजाच्या कानांवर भरून काढत होता. म्हणून हॉलच्या एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण केलं. राजाची खोली चिकूला बंद, जेवण वेगळं, दोघं एकत्र फक्त कुणीतरी बसलेलं असताना आणि राजा उठून गेला की चिकूला मागं जाऊ द्यायचं नाही. चावला की हात काढून घ्यायचा, गप्प उभं राहायचं, आणि ओल्या फडक्याची गाठ मारून फ्रिजमध्ये गार केलेली द्यायची. त्याला दिवसाला 18 तास झोप लागते, बहुतेक "वांड" पिल्लं नुसती झोपेची अपुरी असतात. शू साठी उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्यायचं आणि तिथं केली की तिथंच शाबासकी. घरात केली तर पुसून टाका, नाक घासणं वगैरे अजिबात नको.

सूनबाई विचारत होत्या की डोस पूर्ण झाल्याशिवाय बाहेर काढू नका म्हणतात मग माणसांत कसा मिसळणार. प्रश्न बरोबर आहे. पार्वो या संसर्गजन्य आजारानं पिल्लं पटापट जातात, उलट्या, रक्ताची शी, त्यामुळं रस्त्यावर खाली सोडायचं नाही हे खरं. पण साधारण 3 ते 14 आठवडे हाच काळ असतो ज्यात जे दिसेल ते पिल्लाला आपलं वाटतं. मग कडेवर घेऊन फिरवा. ट्रॅक्टर, एसटी, छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी, सगळं लांबून दाखवा आणि खाऊ द्या. पुढं दिवाळीत तो पलंगाखाली थरथरत बसणार की नाही याचा बराच भाग या दिवसांत ठरतो.

नातवासाठी एकच नियम केला, झोपलेल्या किंवा जेवणाऱ्या कुत्र्याला हात नाही, हाक मारायची, तो आला तर लाड करायचे. चार वर्षांचं पोर एकटं कुत्र्यापाशी सोडायचं नाही, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

आणि मळ्यावर सोडण्याचं. मी मुलाला सरळ सांगितलं की 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल असं जनावर सोडून देणं गुन्हा आहे. पण त्याला कायद्यापेक्षा दुसरं पटलं, की नीट न दिसणारा, खुबे झिजलेला कुत्रा तिथं चार दिवस काढणार नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात राजानं हॉलमध्ये दोनदा घाण केली आणि काकू वैतागून फोनवर बोलल्या. महिन्याभरात मात्र औषधानं आणि दाढ काढल्यानं तो बराच शांत झाला. जूनपर्यंत वजन 36 वर आलं. ऑक्टोबरमध्ये सूनबाईंचा फोन, चिकू आता आठ-नऊ महिन्यांचा, "बहिरा झालाय, हाक मारली की उलट पळतो." तरणं व्हायचं वय, दीड वर्षापर्यंत असं चालतं, दोरी लांब घ्या, चांगला खाऊ खिशात ठेवा, रोज पाच-पाच मिनिटं शिकवा आणि मारू नका, एवढंच सांगितलं. बरेच कुत्रे याच वयात लोकांना नकोसे होतात, त्या आधीच विचारतात याचं मला बरं वाटलं.

काकांनी एकदा हळूच विचारलं होतं, त्याला त्रास होतोय आणि आपण उगाच ओढतोय असं कधी समजायचं. मी म्हटलं कालनिर्णय घ्या, रोज रात्री एक खूण करा. खाल्लं, स्वतः उठला, तुम्हाला बघून शेपूट हलवली असा दिवस असेल तर गोल, नसेल तर फुली. फुल्या गोलापेक्षा जास्त व्हायला लागल्या की मला आणि डॉक्टरांना फोन करा, मग एकत्र बसून बोलू, तो निर्णय तुम्हाला एकट्याला घ्यावा लागणार नाही.

या जूनमध्ये 21 गोल झाले. परवा काकांचा फोन होता, मला वाटलं तोच विषय, तर ते विचारत होते, पावसात मॅट वाळत नाहीत ओ ताई, गोणपाट टाकलं तर चालेल का. चालेल म्हटलं, फक्त कडा चिकटपट्टीनं दाबून घ्या, त्याचा पाय अडकायला नको.