अमेरिकेत मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट व्हायला पीएचडी लागते का? माझं बीकॉम झालंय, जमेल का?

पीएचडी नाही लागत, मास्टर्स पुरतं. बीकॉमवरही बऱ्याच ठिकाणी घेतात, फार तर सायकॉलॉजीचे दोन-चार कोर्स आधी करून या म्हणतात. पण खरं सांगू का, डिग्री त्यातल्या त्यात सोपी आहे, जीव काढतात ते तास.

मी कॅलिफोर्नियात असोसिएट आहे (म्हणजे डिग्री झाली, आता लायसन्ससाठी देखरेखीखाली तास भरतोय) त्यामुळे इथलंच सांगतो, लायसन्स प्रत्येक राज्य आपापलं देतं आणि आकडे बदलतात. इथे मास्टर्स निदान 60 सेमिस्टर युनिटचं हवं, म्हणजे साधारण दोन ते तीन वर्षं, आणि त्यातच प्रॅक्टिकम, म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष काम, ज्यात कमीत कमी 225 तास भरायचे, त्यातले निदान 150 क्लायंटसमोर बसून काउन्सेलिंगचे, तेही बहुतेक वेळा बिनपगारी. लायसन्सला एकूण 3000 तास लागतात, त्यातले डिग्रीआधीचे जास्तीत जास्त 1300 धरतात, आणि 104 आठवडे भरावेच लागतात, त्यामुळे कितीही राबलात तरी दोन वर्षांच्या आत सुटका नाही. शिवाय 500 तास जोडपी, कुटुंबं नाहीतर मुलांसोबतचे हवेत. माझी गोची इथेच झाली. पहिल्या साइटवर सगळे एकेकटे मोठे क्लायंट, मी आपला खुशीत तास भरत बसलो आणि वर्षाच्या शेवटी बघतो तर त्या खान्यात जेमतेम काहीतरी.

शिकायला मिळतं ते मात्र सुपरव्हिजनमध्ये. आमच्याकडे एकतर्फी काच होती, पलीकडे सुपरवायझर आणि बाकीची बॅच (क्लायंटला सांगून, सही घेऊनच हं). एकदा जोडपं समोर होतं, बायको भडाभडा बोलत होती आणि मी वीस मिनिटं तिच्याकडेच बघत मान डोलावतोय, तेवढ्यात खोलीतला फोन वाजला, सुपरवायझर म्हणाली, "तो जॅकेटची चेन वरखाली करतोय, दिसतंय का तुला?" खरंच दिसलं नव्हतं. पुस्तकात कुटुंब म्हणजे एक सिस्टिम, जेनोग्राम (पिढ्यांचा आणि नात्यांचा नकाशा), मिनुचिन, बोवेन ही फॅमिली थेरपीतली मोठी नावं, सगळं वाचलं होतं की.

डिग्री हातात पडल्यापासून 90 दिवसांच्या आत असोसिएट म्हणून रजिस्ट्रेशनचा अर्ज टाका, नाहीतर नंबर मिळेपर्यंतचे तास पाण्यात. पहिल्याच वर्षी लॉ अँड एथिक्सची परीक्षा द्यायची, आणि सगळे तास भरले की क्लिनिकल.

अ‍ॅडमिशनआधी कॉलेजला दोनच गोष्टी विचारा: ज्या राज्यात राहणार तिथल्या लायसन्सला ही डिग्री चालते का, आणि प्रॅक्टिकमला जोडपी-कुटुंबं मिळतात का. पुढे राज्य बदलायचं डोक्यात असेल तर सीओएएमएफटीईची (या शाखेच्या कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेला प्रोग्रॅम बघा, कॅलिफोर्नियाला ती लागत नाही पण दुसरीकडे कागदपत्रांचा ताप बराच वाचतो. उत्तर गोलगोल आलं तर फी भरायची घाई करू नका.