शपथ, शिवी आणि तुझ्या पत्रातला हेल्पर

प्रिय चिरंजीव,

प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र मिळाले. ख्रिस्ती माणसाने शिवी देणे पाप आहे का, आणि पुढच्या महिन्यात कोर्टात साक्षीला उभे राहायचे आहे तेव्हा शपथ घेतलेली चालेल का, असे दोन प्रश्न तू एका दमात विचारले आहेस. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, हे आपले भाग्यच म्हणायचे. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद चालते, आणि म्हणून इंग्रजी पुस्तकांवरून उपदेश तयार करणाऱ्यांचा या ठिकाणी हमखास घोटाळा होतो. तरीही शास्त्रात एक रात्र अशी आहे की जेव्हा एकाच माणसाच्या तोंडून दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ बाहेर पडल्या. प्रभू येशूला पकडून नेल्यावर महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात लोकांनी येशूचा शिष्य पेत्र याला त्याच्या बोलीवरून ओळखले, तेव्हा तो शाप देऊ लागला, शपथा वाहू लागला आणि म्हणाला की मी त्या माणसाला ओळखत नाही. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायातला हा प्रसंग तू शब्बाथ शाळेत नाटकात केलेला आहेस. कोंबडा कोण झाला होता तेही मला आठवते. त्या वेळी माझ्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की, पेत्राला शपथेची गरज पडली ती तो खोटे बोलत होता म्हणून.

आधी शपथेचे बोलू, कारण ते थोडक्यात आटोपण्यासारखे आहे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने सांगितले की शपथ वाहूच नका. स्वर्गाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमेची नको, स्वतःच्या मस्तकाचीही नको, कारण त्यावरचा एक केस पांढरा किंवा काळा करणे तुमच्या हाती नाही. तुमचे होय ते होय असावे आणि नाही ते नाही. आपण उठता-बसता ‘आईशप्पथ’ आणि ‘देवाशपथ’ म्हणतो, त्याला हा नियम थेट लागू पडतो. ज्याला दर तिसऱ्या वाक्यात आई किंवा देव जामीन द्यावा लागतो, त्याचे उरलेले बोलणे बिनजामिनाचे आहे, असे तो स्वतःच कबूल करत असतो. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा मला तरी शिव्यांपेक्षा या सवयीच्या संदर्भात जास्त आठवते.

कोर्टाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्याबाबत ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही एकमत नाही. मेनोनाइट आणि क्वेकर लोक प्रभूचा शब्द अक्षरशः घेतात आणि न्यायाधीशापुढेही शपथ घेत नाहीत. उलट अँग्लिकन मंडळीच्या मतांच्या एकोणचाळीस कलमांपैकी शेवटचे कलम सांगते की उथळ शपथ निषिद्ध असली, तरी अधिकाऱ्याने मागितल्यास सत्यासाठी शपथ घेण्यास हरकत नाही. महायाजकाने जिवंत देवाची शपथ घातली तेव्हा स्वतः प्रभूने उत्तर दिले आणि प्रेषित पौलानेही आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवले, एवढे पाहता मी दुसऱ्या बाजूचा आहे. तुझे मन मात्र खात असेल तर १९६९ च्या शपथ कायद्याने तुला मार्ग ठेवला आहे. त्यातल्या नमुन्यात ‘ईश्वराची शपथ’ आणि ‘प्रतिज्ञा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत आणि कोणत्याही धर्मग्रंथावर हात ठेवण्याचा त्यात उल्लेख नाही, ते सिनेमात. प्रतिज्ञेवर सांगायचे आहे, एवढे कारकुनाला आधी सांग आणि मग खरे बोल.

आता शिवी. तू लिहितोस की शॉपफ्लोअरवर पायावर जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा लोखंडी तुकडा, पडला, तोंडातून शिवी गेली आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस हसून म्हणाला, “काय रे, तू ख्रिश्चन ना?” त्या रात्री तुला झोप लागली नाही. मुला, झोपायला हवे होतेस. पौल इफिसकरांना सांगतो की तुमच्या मुखातून कुजके भाषण निघू नये. तिथला मूळ ग्रीक शब्द शुभवर्तमानात जाळ्यातून काढून फेकून दिलेल्या वाईट माशांसाठीही आला आहे. म्हणजे त्याला भाषणातला वास खुपत होता, आणि तो वास शेजारच्याला बाधतो म्हणूनच त्याच वाक्यात पुढे ऐकणाऱ्याच्या उन्नतीची गोष्ट येते. लोखंडाच्या जॉबची उन्नती किंवा अवनती होत नाही. ती सवय चांगली आहे असे मी म्हणत नाही. सोडता आली तर सोड. पण कळवळून निघालेला शब्द आणि माणसावर नेम धरून फेकलेला शब्द यांना एकाच तराजूत घालू नकोस.

नेम धरून फेकलेल्या शब्दांविषयी मात्र मी कडक आहे. आपल्या नगर जिल्ह्यातच, नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने २०२४ च्या नोव्हेंबरात शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंडाचा ठराव केला, तेव्हा लोकांना त्याची गंमत वाटली होती. ठरावामागचे कारण वाचून माझे हसू थांबले: भांडण दोन पुरुषांचे असते आणि शिवी पडते ती तिथे हजरही नसलेल्या आई-बहिणीवर. हे आपल्या एकाही उपदेशकाने व्यासपीठावरून इतक्या स्वच्छपणे सांगितलेले मी ऐकले नाही. दुसऱ्या प्रकारच्या शिव्या जातीच्या. तुझ्या आणि माझ्या पणजोबांनी या जिल्ह्यात मिशनच्या शाळेची वाट धरली, त्यामागे शास्त्राच्या ओढीइतकीच आणखी एक ओढ होती: जातीच्या नावाने हाक न मारणारे कोणीतरी तिथे भेटत होते. त्यांच्या पणतवाच्या तोंडात तसला शब्द कोणाविषयीही, अगदी थट्टेतही, शोभत नाही.

याकोब सांगतो की ज्या जिभेने आपण पित्याचा धन्यवाद करतो, तिनेच त्याच्या प्रतिरूपाप्रमाणे घडवलेल्या माणसांना शाप देतो. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी निघते काय? विहिरीला मचूळ पाणी लागले की काय होते, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आणि येथे शब्दकोशातली शिवीच पाहिजे असेही नाही. प्रभूने डोंगरावर ज्या शब्दांचा निषेध केला ते ‘वेडगळ’ आणि ‘मूर्ख’ असले, आज कोणीही सहज वापरतो असले शब्द होते. मी पस्तीस वर्षे वर्गात उभा राहिलो आणि एकदाही शिवी दिली नाही, याचा मला अभिमान होता. पण सातवीतल्या एका मुलाला मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो, “तुझ्या बापाने तुला शाळेत घालून पैसे वाया घालवले.” तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही, आणि मी त्याच्या घरी गेलो नाही. माझी जीभ शुद्ध होती.

कोणी म्हणेल की प्रभूनेही शास्त्री-परूशांना सापाची पिले म्हटले आणि पौलाने महायाजकाला चुना लावलेली भिंत म्हटले. खरे आहे, पण ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना, तोंडावर, अन्याय दाखवताना. शिवाय, हा महायाजक आहे असे कळताच पौलाने तिथेच शब्द मागे घेतला. आपण सहसा उलटे वागतो. साहेबासमोर आपली भाषा धुतलेली असते आणि जो उलट बोलू शकत नाही त्याच्यासमोर ती सुटते.

म्हणूनच तुझ्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीपाशी मी थांबलो. पायाच्या जॉबबद्दल तू दीड पान लिहिलेस आणि पुढे एका वाक्यात उरकलेस की नंतर चुकीचे टूल आणले म्हणून कंत्राटी हेल्परलाही ‘दोन शब्द’ बोललास. ते दोन शब्द कोणते ते मी विचारत नाही. सोमवारी पहिल्या पाळीला तो येत असेल, तर चहाच्या सुट्टीच्या आधी त्याच्याकडे जा आणि ज्यांच्या देखत बोललास त्यांच्या देखतच माफी माग. बाजूला नेऊन नव्हे. शेजारचा माणूस पुन्हा हसेल, हसू दे.

नाताळला येशील तेव्हा त्या हेल्परचे नाव मला सांग. पत्रात तू ते लिहिलेले नाहीस.

तुझे,
सर