सोलच्या सिंगल्स घेताना

एलपीच्या, म्हणजे मोठ्या तबकड्यांच्या, मागे लगेच लागू नका. साठच्या दशकातल्या सोलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा, खरा खजिना सिंगल्समध्ये, म्हणजे ७ इंची, ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेरे) तबकड्यांत आहे. अमेरिकन प्रतींचं मधलं भोक दीड इंची असतं, तेव्हा ते भरणारा अडॅप्टर आधी घ्या.

तबकडी विनाइलची की स्टायरीन या जास्त कडक प्लास्टिकची, ते तपासा. कडेला नखाने टिचकी मारा. स्टायरीन टणक वाजतं, लेबलही वरून डकवलेलं दिसतं. झिजलेल्या सुईने ते भराभर खरवडलं जातं, आणि वरून चकचकीत प्रतही मग अखंड खरखरते. म्हणून ऐकल्याशिवाय पैसे मोजू नका. धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरे; अल्कोहोल नको.

लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात त्रिकोण आणि आकडा दिसला, तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याची खूण. इंग्लंडात नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे क्लबांत दुर्मिळ सोलवर नाचण्याच्या, लाटेत नकली प्रती बऱ्याच निघाल्या, त्यामुळे हा पट्टा भिंगाखाली बघाच.

अनोळखी गाणी हवीत? गायक सोडा, लेबलावरची बारीक अक्षरं वाचा. अरेंजर (गाण्याची वाद्यरचना करणारा) म्हणून डेट्रॉइटच्या माइक टेरीचं नाव दिसलं, तर गायक कुणीही असो, तबकडी बाजूला काढा. आणि बी साइड, म्हणजे तबकडीची मागची बाजू? ती तर आधी लावायची!