सातवीतली मुलगी वयापुढचं वाचते, पुस्तकं कशी निवडू?

ताई, परभणीत राहून तुमच्या लेकीने फास्टर फेणे कधीच संपवलाय आणि आता घरातली मोठ्यांची पुस्तकं उचलतेय, ही फार चांगली गोष्ट आहे. भाषा अवघड आहे का, याची काळजी सोडा. आशय तिच्या वयाला पेलेल का, एवढंच बघा.

सुरुवात प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'पासून करा. त्यातला लंपन तिच्याच वयाचा आहे, पण लेखन अस्सल मोठ्यांचं. मग व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, गावाने मिळून बांधलेली तालीम, आणि पुढे दुष्काळ. आपल्याकडच्या पोराला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही, म्हणून ती तिला थेट भिडेल.

रा. रं. बोराडेंची 'पाचोळा' मात्र नववी-दहावीपर्यंत थांबू द्या. शिंप्याच्या बायकोने आपल्या बोलीत सांगितलेली ही घराची परवड आहे. आधी तुम्ही वाचा, नंतर तिच्याशी बोला.

विकत घेण्याआधी जिल्हा ग्रंथालयात चौकशी करा. तिथे तिलाच कपाटापुढे उभं करा, चार पानं चाळू द्या. नाही आवडलं तर अर्ध्यात सोडायची मुभा हवीच.