आपली आवड लपवू नकोस रे

तू विचारलंस ना की सिनेमाचं किंवा पुस्तकाचं परीक्षण लिहिताना स्वतःची आवड बाजूला ठेवायची का, तर माझं म्हणणं, ठेवताच येत नाही, मग उगाच तटस्थपणाचा आव कशाला? मला भुताचे सिनेमे अजिबात झेपत नाहीत, आणि हे मी पहिल्या दोन ओळींतच सांगून टाकतो, म्हणजे वाचणारा त्या हिशोबाने माझं मत घेतो.

फक्त 'बोअर झालं' एवढ्यावर थांबू नकोस. कुठे झालं ते पकड. मी पुस्तक वाचताना पेन्सिलने मागच्या कोऱ्या पानावर पान नंबर टाकत जातो, जिथे लक्ष उडालं तिथला, आणि नंतर जाऊन बघतो की तिथे लेखक खरंच रेंगाळलाय की मलाच झोप येत होती (बऱ्याचदा झोपच निघते!). एकदा रात्री दीड वाजता एक संथ सिनेमा बघून त्याला दोन स्टार देऊन टाकले, महिन्याभराने दुपारी परत बघितला तर शेवटची वीस मिनिटं जागचा हललो नाही, मग काय, गुपचूप सगळं परत लिहिलं.

स्टारच्या फार नादी लागू नकोस. रॉटन टोमॅटोज या सिनेमांची परीक्षणं गोळा करणाऱ्या वेबसाइटवर दिसते ती टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला एवढंच, सरासरी मार्क नव्हेत, त्यामुळे सगळ्यांना जेमतेम आवडलेला सिनेमाही 100% दाखवू शकतो.

आणि हो, शेवट फोडू नकोस प्लीज.