१टीएसआरमध्ये तीनच साखळ्या का? पुस्तकही बरोबर, फाइलही बरोबर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेशींना कर्करोगापासून वाचवणारं पी५३ हे प्रथिन चौघांच्या टोळीने डीएनएला धरतं असं पुस्तकात आहे, मग त्याच्या डीएनएसोबतच्या रचनेची १टीएसआर ही फाइल उघडल्यावर प्रथिनाच्या तीनच साखळ्या का दिसतात? प्रथिन ३९३ अमिनो आम्लांचं, मग चित्रात प्रत्येक साखळी जेमतेम दोनशेची कशी? आणि कर्करोगात साखळीतल्या २४८व्या आणि १७५व्या अमिनो आम्लाच्या जागा बदलण्यासाठी सारख्याच बदनाम असताना १७५ डीएनएपासून एवढी लांब काय करतेय?

फाइल उघडली की आपण धरून चालतो की हे पेशीतलं प्रथिन. ते असतं स्फटिक वाढवायला द्रावणाच्या थेंबात घातलेलं प्रथिन, तेही स्फटिकात जसं रचलं गेलं तसं. म्हणून आधी विचारायचं, थेंबात काय होतं?

ही रचना १९९४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संस्थेत निकोला पाव्हलेटिच यांच्या गटाने काढली, २.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने. अख्खं पी५३ त्यांनी घेतलंच नव्हतं. त्याची दोन्ही टोकं सैल, लोंबती, ठरावीक आकार नसलेली. स्फटिक व्हायचा तर प्रत्येक रेणू शेजाऱ्यासारखाच बसायला हवा, आणि असली शेपटं घेऊन ते होत नाही. म्हणून डीएनए धरणारा मधला भाग तेवढा घेतला, साधारण ९४ ते ३१२. चौघांना एकत्र बांधणारा तुकडा ३२५ ते ३५६च्या आसपास आहे. म्हणजे टोळी जमवणारा दुवाच कात्रीच्या पलीकडे राहिला. त्या दुव्याच्या रचना वेगळ्या उपलब्ध आहेत, त्या जरूर बघा.

आता त्या तीन साखळ्या. ‘बी’ साखळी आपल्या खऱ्या जागेवर, डीएनएवरच्या योग्य अक्षरांना धरून बसली आहे. ‘ए’ बसली आहे ती स्फटिकात डीएनएच्या दोन तुकड्यांची टोकं एकमेकांना भिडतात तिथे. पेशीत असला सांधा नसतो. ‘सी’ तर डीएनएला शिवतही नाही, नुसती शेजारच्या प्रथिनांना टेकून उभी आहे. एसटीच्या बाकावर तिघं शेजारी बसले म्हणून ते एका घरचे ठरत नाहीत, तसंच हे. मधल्या भागाचे चार रेणू डीएनएवर एकत्र बसलेले पाहायचे असतील तर २००६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून आलेल्या रचना उघडा.

थोडं अवांतर. स्फटिक मिळणं हेच निम्मं काम, आणि स्फटिक फसवतात. मी नवखा असताना एका थेंबात देखणे, धारदार कडांचे स्फटिक आले. दोन आठवडे मी हवेत होतो. मग सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने टोचायला सांगितलं. कट्ट असा बारीक आवाज आला आणि स्फटिक उडून गेला. मीठ! प्रथिनाचा स्फटिक निम्मा पाण्याने भरलेला असतो, सुई लागली की ओल्या बर्फीसारखा चुरतो.

१७५चा मुद्दा मात्र या रचनेशिवाय सुटलाच नसता. २४८चं आर्जिनिन हे अमिनो आम्ल डीएनएच्या अरुंद खाचेत शिरतं, २७३चं आर्जिनिन डीएनएच्या कण्यावरच्या फॉस्फेटला धरतं. हे बदलले की पकड सुटते, प्रथिनाची घडी बहुतेक तशीच राहते. १७५ डीएनएला हातही लावत नाही. ते जस्ताच्या अणूशेजारी बसून प्रथिनाच्या साखळीची दोन वेटोळी एकमेकांना बांधून ठेवतं. जस्ताला धरतात १७६, १७९, २३८ आणि २४२. म्हणजे २४८ ही दाराची कडी आणि १७५ ही बिजागरी. दार दोन्हींमुळे बिघडतं, पण सुतार एकच काम करणार नाही. (२४९ही याच वेटोळ्यांतलं. बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगात नेमकी हीच जागा बदलतं.)

बिजागरी दुरुस्त करता येते का? इथे २२०ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हा मधला भाग मुळातच नाजूक, ४५ अंशांच्या आसपास उलगडतो, आणि आपलं अंग ३७ अंश. २२०व्या जागी टायरोसीनचं सिस्टीन झालं की मोठी बाजूशाखा जाऊन छोटी येते, पृष्ठभागावर खड्डा पडतो, आणि मोलमागे सुमारे ४ किलोकॅलरी स्थैर्य जातं. एवढ्यावर शरीराच्या तापमानाला घडी टिकत नाही. केंब्रिजमध्ये अ‍ॅलन फर्श्ट यांच्या गटाने हा खड्डा स्फटिकात पाहिला आणि २००८मध्ये त्यात बसणारा छोटा रेणू दाखवला. खड्डा डीएनएपासून लांब आहे, त्यामुळे त्यात पाचर मारली तरी पकडीच्या आड येत नाही. याच खड्ड्यासाठी बनवलेलं रेझाटापॉप्ट हे औषध रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलंय. २४८साठी असा सोयीचा खड्डाच नाही.

तेव्हा आता ‘ए’ आणि ‘सी’ लपवा, ‘बी’ आणि डीएनए ठेवा. जस्ताचा अणू ठळक करा, मग २४८, १७५ आणि २२० वेगवेगळ्या रंगांत दाखवून डीएनएपासूनची अंतरं मोजा. आकडे इथेच टाका, म्हणजे पुढचं बोलू.